‘मस्टन्ट ग्रम्बल’ म्हणणारे आजोबा

ब्रिटनला निघालेल्या नर्सेसना मी ओईटीच्या, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांच्या इंग्रजी चाचणीच्या, बोलण्याच्या परीक्षेसाठी तयार करतो. दोन रोलप्ले, प्रत्येकाला तीन मिनिटं तयारी, पाच मिनिटं संभाषण. परीक्षेतला पेशंट बऱ्यापैकी सरळ बोलतो, वॉर्डातला बोलत नाही. म्हणूनच ही केस डोक्यातून जात नाहीये.

यॉर्कशरमधून एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. खुब्याचं ऑपरेशन झालेले आजोबा. दुखतंय का, विचारल्यावर म्हणाले, ‘नॉट टू बॅड, लव्ह. मस्टन्ट ग्रम्बल.’ म्हणजे फार वाईट नाही गं, कुरकुर करू नये. तिने वेदना शून्य लिहिली. दुपारी फिजिओथेरपिस्टने उभं करताच आजोबा पांढरेफटक पडले.

‘सर, माझं इंग्रजी कच्चं आहे का?’

अजिबात नाही. दोष मुसळधार पावसासाठी ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ असले वाक्प्रचार घोकून घेणाऱ्या वर्गांचा आहे. तिकडे ते फारसं कुणी बोलत नाही. उलट, कुरकुर करायची नाही हे त्या पिढीच्या अंगात मुरलेलं. ‘अ बिट सोअर’, म्हणजे ‘जरासं दुखतंय’, ही कधीकधी झोप उडवणारी कळ असते.

त्यात पेशंटची तब्येत ढासळतेय का हे गुणांनी दाखवणाऱ्या तिथल्या न्यूज-टू तक्त्यात श्वासाची गती, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान एवढंच मोजतात. वेदनेला त्यात गुण नाहीत. एकूण आकडा ठीक दिसला, तरी माणूस कळ सोसत पडलेला असू शकतो. त्यामुळे पडल्यापडल्या शून्य ते दहाचा आकडा विचारायचा, मग खोकायला किंवा पाय हलवायला सांगून पुन्हा विचारायचा. त्या वेळी नजर चेहऱ्यावर आणि पलंगाचा दांडा धरलेल्या मुठीवर. शिवाय विचारायचं, ‘दुखण्यामुळे काय करता येत नाही?’

‘वॉटरवर्क्स’ म्हणजे लघवीची यंत्रणा, हे एकदा सांगितलं की पुरतं. ‘फनी टर्न’वर मात्र मी अडून बसतो, कारण मुली हसतात. ती अचानक आलेली भोवळ किंवा शुद्ध हरपणं असू शकतं. पाच मिनिटं झोपवून रक्तदाब घ्यायचा, उभं केल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. उत्तरेत ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण, तेव्हा गोळी ‘आफ्टर टी’ घेतो म्हणाले की घड्याळातली वेळ विचारायची.

आजोबांनी आकडाच दिला नाही तर, हा तिचा पुढचा प्रश्न. मग नाही, थोडी, मध्यम, तीव्र असे शब्द पुढे ठेवायचे. नोंदीत ‘नॉट टू बॅड’ त्यांच्याच शब्दांत लिहायचं आणि त्या शब्दांशेजारी, आजोबा उभे राहताना काय दिसलं ते.