फाल्गुनातला गौताळा

आज उजाडता उजाडता कन्नड गावाहून गौताळा अभयारण्यात शिरलो. पावसाळ्यात धबधब्यांपायी इथं गर्दी उसळते, फाल्गुनात मात्र वाट आपली एकट्याची. साग उघडाबोडका, पायाखाली वाळक्या पानांचा चुरचुराट, आणि वळणावर अचानक पळस! अंगावर पान नाही, नुसता केशरी जाळ. खालीच बसलो. पोपटाच्या चोचीसारखी वाकडी पाकळी, देठाशी काळपट मखमल. मैना, बुलबुल, शिंजीर मधावर तुटून पडलेले. त्यांच्या अंगाला लागलेले परागकणच या झाडाचा वंश पुढं नेतात.

पुढं काटेसावर. तिचं जाडजूड लाल फूल पडलं की चक्क धप्प वाजतं.

मग एका उतारावर नुसती काळी राख. वणवा. कुणाच्या तरी फेकलेल्या विडीनं लागला असेल तर फार वाईट वाटतं हो. गवत गेलं, रोपटी गेली, जमिनीवरची घरटी गेली.

परतताना एक गुराखी बाबा भेटले. रंगासाठी पळसफुलं हवी म्हणालो, तर म्हणाले, "झाडाची नको तोडू लेकरा, खालचीच येच. रातभर भिजू घाल."

रुमालभर आणली. लेकीनं आत्ताच पातेल्यात भिजत घातलीत, दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघतेय.