आज जुन्नरला सगळेच खूश

आमच्या घरात बाबांना देवदर्शन, दादाला ट्रेक आणि मला नुसतं हिरवं बघत बसायचं असतं, त्यामुळे ट्रिप ठरवताना भांडणं ठरलेलीच. आज जुन्नरला जमलं एकदाचं! सकाळी लेण्याद्रीचा गिरिजात्मज, बौद्ध लेण्यात बसलेला अष्टविनायक, पायऱ्या चढताना बाबा आमच्या पुढे. मग नाणेघाट, वरपर्यंत गाडी जाते त्यामुळे आईपण आली. जकातीची नाणी ज्यात टाकायचे म्हणतात त्या दगडी रांजणात आता वेफर्सचं पाकीट, डोकंच सरकलं माझं. गुहेतल्या सातवाहनांच्या ब्राह्मी शिलालेखातले आकडे दादा टॉर्च मारून शोधत बसला, हलेचना. शिवनेरी राहिला, पण तो घाईत उरकायचा गड नाहीच, पुढच्या वेळी मुक्काम टाकू. जुन्नरात चांगलं घरगुती जेवण कुठे मिळतं, सांगा रे कुणीतरी.