ग्लासगोच्या चादरीतला दंड

माझ्या आजीच्या लुगड्याला दंड घातलेला असायचा. लुगडं बसण्याच्या जागी विरलं की तेवढा भाग कापून काढायचा, उरलेले दोन धडके तुकडे जोडायचे आणि परत नेसायला घ्यायचं. हा शब्द ग्लासगोत कुणाला समजावून सांगायची वेळ येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मागच्या थंडीत शेजारच्या आजींनी (वय 91) कपाटातली जुनी चादर काढून दाखवली. मधोमध उभी शिवण! चादर अंगाखाली मध्येच झिजते. म्हणून त्यांच्या आईनं ती मधून उभी फाडली, कडेच्या चांगल्या बाजू आत आणून जोडल्या आणि विरलेला भाग कडेला घेऊन दुमडून टाकला. मी शिवणीवरून बोट फिरवत राहिले. दंडच की हा!

युद्धाच्या काळात, 1 जून 1941 ला, ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं आणि ते 15 मार्च 1949 पर्यंत चाललं. पहिल्या वर्षाला माणशी 66 कुपनं. पैसे असले तरी कुपनाशिवाय नवा कपडा मिळायचा नाही. 1943 मध्ये सरकारनं ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिकाच काढली. आहे तेच दुरुस्त करून, उसवून, नव्यानं शिवून कसं वापरायचं, याचे धडे त्यात होते.

आजींचं हातमशीन सिंगरचं, इथून जवळच्या क्लाइडबँकमध्ये बनलेलं. तिथला प्रचंड कारखाना 1980 मध्ये बंद झाला, पण रेल्वे स्टेशनचं नाव अजून ‘सिंगर’च आहे. मी साताऱ्याला भावाला फोन करून आमच्या आजीच्या मशीनवरचा नंबर बघायला सांगितला. तो इंग्रजी ‘वाय’ अक्षरानं सुरू होतो, आणि ती क्लाइडबँकचीच खूण. म्हणजे ज्या मशीनवर माझी परकर-पोलकी शिवली गेली, ते माझ्या आधी कितीतरी वर्षं इथून तिकडे गेलं होतं. मला गलबलून आलं.

मग मीही हात घातला. इथल्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकून संस्थेसाठी पैसे उभे करतात त्या दुकानात, 12 पौंडांना लोकरीचा कोट मिळाला. वरचं कापड उत्तम, अस्तराच्या मात्र काखेत चिंध्या झालेल्या. अस्तर अख्खं उसवलं, तुकड्यांना इस्त्री केली आणि तेच खाका म्हणून आईच्या जुन्या गर्भरेशमी साडीवर मांडले. सुती कापड मी मुद्दाम टाळलं. सुती बाहीत स्वेटरचा हात अडकतो, रेशमात सरकन जातो. जुनं रेशीम घडीच्या रेषेवर फाटतं, म्हणून प्रत्येक तुकडा दोन घड्यांच्या मधल्या जागेतच बेतला. त्यात पूर्ण दुपार गेली.

आणि तरी एक चूक झालीच. अस्तराच्या पाठीला मधोमध एक उभी चुणी सोडावी लागते. लोकर थोडी ताणते, रेशीम ताणत नाही. मी पाठ कोटाच्या बरोब्बर मापाची कापली, आणि पहिल्याच दिवशी बसमध्ये वरची दांडी धरायला हात उंचावला तर टर्र! आईची साडी होती, फार लागलं. परत उसवली आणि पाठीत दोन इंच रुंद पट्टी घातली. आता कोटातही दंड आहे.

ज्यांच्या घरी मशीन कोपऱ्यात झाकून पडलं आहे, त्यांनी मनापासून ऐका: ते तेलपाणी करून चालू करा. जुन्या कपड्यांच्या शिवणीत माया, म्हणजे आतल्या बाजूचं जादा कापड, भरपूर सोडलेली असते, हल्लीच्या तयार कपड्यांत ती बोटभरही मिळत नाही. शिकायचं तर जुन्यावरच.

साडीचे काठ अजून शिल्लक आहेत. नवऱ्याच्या कॉलर फाटलेल्या दोन शर्टांतून लेकीचा फ्रॉक बेतून ठेवलाय, त्याच्या घेराला ते लावणार आहे. शेजारच्या आजी टाचण्या लावून द्यायला शनिवारी येणार आहेत.