तेरवीच्या घरी 'हार्टी' नको

तालुक्याच्या एसटी स्टँडवर फ्लेक्स झळकतो, 'हार्दिक अभिनंदन'. त्याचं इंग्रजी 'हार्टी कॉन्ग्रॅच्युलेशन्स', आणि ते बरोबर आहे. घोळ होतो तो गावच्या ग्रुपवर कोणी वारल्याची बातमी आली की. बोट तोच शब्द उचलतं आणि 'हार्टी कन्डोलन्सेस' जातं. हार्टी शब्दात दिलखुलासपणा आहे. हार्टी मील म्हणजे पोटभर जेवण, हार्टी लाफ म्हणजे खळखळून हसणं. दुःखाच्या घरी 'हार्टफेल्ट' किंवा 'डीपेस्ट' लिहावं. हार्टफेल्ट अभिनंदनालाही चालतो, म्हणून शंका आली की तोच.

दुसरी गफलत: श्रद्धांजली गेलेल्याला असते, सांत्वन मागे राहिलेल्यांचं. कन्डोलन्सेस म्हणजे सांत्वन. त्यामुळे 'कन्डोलन्सेस टू काकाजी' चूक, 'टू यू अँड युअर फॅमिली' बरोबर. श्रद्धांजलीला 'ट्रिब्यूट' आहे.

'सॉरी'ला लोक उगाच बिचकतात. "आपण कायले सॉरी म्हणाव? आपलं का चुकलं?" इंग्रजीत सॉरी म्हणजे माफी तशी हळहळही. 'आय अ‍ॅम सो सॉरी फॉर युअर लॉस' हे साधं, चोख वाक्य. हा लॉस कपाशीच्या भावातला नव्हे, माणूस गेल्याचा. घाईत 'लॉस्ट' मात्र लिहू नका. 'एक्सपायर्ड' आपल्याकडे रुळलाय, पण परदेशी वाचणाऱ्याला तो औषधाच्या बाटलीवरचा वाटतो. 'पास्ड अवे' लिहा. 'पिकलं पान होतं' याचं शब्दशः इंग्रजी तर नकोच. तसं म्हणायचा हक्क घरच्यांचा.

अभिनंदनात धोका कमी. 'कॉन्ग्रॅच्युलेशन्स'चा शेवटचा एस गाळू नये, पुढे 'फॉर' ऐवजी 'ऑन': 'ऑन युअर सिलेक्शन'. 'प्राउड ऑफ यू' पोलीस भरतीत लागलेल्या भाच्याला शोभतं. बढती मिळालेल्या हेडमास्तरांना ते पाठ थोपटल्यासारखं लागेल. त्यांना 'सो हॅपी फॉर यू, सर'.

बंगलोरच्या साहेबाची आई वारली, तर तीन वाक्यं पुरतात. 'आय वॉज सो सॉरी टू हिअर अबाउट युअर मदर.' मग त्यांची एखादी खरी आठवण: 'शी ऑल्वेज आस्क्ड इफ आय हॅड ईटन.' शेवटी, जमणार असेल तरच, 'आय विल कम ऑन थर्सडे.' 'एनी हेल्प, टेल मी' लिहून काम त्यांच्याच गळ्यात टाकू नका. आणि आपल्याकडच्या तेरवीचं इंग्रजीत आमंत्रण द्यायचं झालं, तर 'थर्टीन्थ डे फंक्शन' नको, 'थर्टीन्थ डे राइट्स' (rites, म्हणजे विधी) लिहा. फंक्शन म्हटलं की डोळ्यापुढे डीजे येतो.