फादरांना फोन कधी करायचा?

बहुतेक कॅथलिक घरांतून फादरांना फोन जातो तो फार उशिरा. पेशंट आयसीयूत, शुद्ध हरपलेली, डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगितलेलं, आणि मग कुणाला तरी तैलाभ्यंगाची, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून द्यायच्या संस्काराची, आठवण होते. तोवर पापनिवेदन करण्याची वेळ निघून गेलेली असते, ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) पवित्र केलेली भाकर, गिळता येत नाही, आणि जो संस्कार माणसाने स्वतः 'आमेन' म्हणत घ्यायचा, तो त्याच्या नकळत उरकावा लागतो. संस्कार तेव्हाही खरा असतो, यात शंका नाही. पण पेशंटच्या हातून पुष्कळ काही निसटलेलं असतं.

या उशिराचं कारण बहुधा एकच. 'फादरांना बघून बाबा घाबरतील.' ही भीती उगाच आलेली नाही. कितीतरी पिढ्या हा संस्कार 'शेवटचा अभ्यंग' म्हणूनच ओळखला गेला, आणि झगा घातलेला पाद्री दारात दिसला की घरात रडारड सुरू व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६३ मध्येच स्पष्ट केलं की हा केवळ मरणाच्या दारात असलेल्यांचा संस्कार नाही. सहावे पोप पॉल यांनी १९७२ मध्ये विधीही बदलला. आधी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय अशा इंद्रियांना तेल लावून त्या-त्या इंद्रियाने घडलेल्या पापांची क्षमा मागत. आता कपाळ आणि दोन्ही हात, एवढंच. आणि शब्दांत क्षमेच्या जोडीला पवित्र आत्म्याचं साहाय्य आणि प्रभूने आजाऱ्याला उठवून उभं करणं आलं. मूळ आधार बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला, ५:१४-१५: कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं. बोलवायचं आजाऱ्याने, हे बारकाईने वाचण्यासारखं आहे. म्हणजे तो बोलू शकत असतानाच.

मग नेमकं कधी? आजारपण किंवा म्हातारपण यामुळे जिवाला धोका सुरू झाला, की संस्काराची वेळ झाली. धोका टोकाला जाण्याची वाट बघायची नाही. कॅन्सरचं निदान झालं की चालतं. मोठ्या ऑपरेशनच्या आधी चालतं, मात्र ऑपरेशनचं कारण गंभीर आजार असावा. ठरावीक आजार नसलेले पण खूपच थकलेले आजी-आजोबा घेऊ शकतात. समज आलेली मुलंही घेऊ शकतात, आणि समज आली आहे की नाही अशी शंका असेल तर द्यावा, असाच नियम आहे. गंभीर मानसिक आजाराबद्दल फादरांशी आधी मोकळेपणी बोलावं, तोही सरसकट बाहेर ठेवलेला नाही. एकदा घेतला म्हणून संपला, असंही नाही: बरं होऊन पुन्हा गंभीर आजारी पडलं, किंवा त्याच आजारात तब्येत जास्त ढासळली, तर परत देता येतो.

उलट बाजूही आहे. पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये, आजाऱ्यांसाठी सामुदायिक मिस्सा असली की सर्दी-खोकला, गुडघेदुखीपासून 'फादर, मलापण थोडं लावा' इथपर्यंत सगळे रांगेत येतात. हे बरोबर नाही. सामुदायिक तैलाभ्यंग चालतो, पण आजाऱ्यांची यादी आधी घेऊन, त्यांना पुढच्या बाकांवर बसवून, आदल्या दिवसांत पापनिवेदनाची सोय करून. रांग लावली की संस्काराचा प्रसाद होतो. रांगेतल्या बाकीच्यांसाठी मिस्सेनंतर साधा आशीर्वाद ठेवला की कुणी नाराजही होत नाही.

हा संस्कार फक्त धर्मगुरू देऊ शकतात: बिशप किंवा फादर. डीकन (फादरांच्या खालच्या पदावरचे) नाही, सिस्टर (धर्मभगिनी) नाही, कम्युनियन म्हणजे ख्रिस्तशरीर नेणारे सेवकही नाहीत. २००५ मध्ये रोमने हे पुन्हा ठासून सांगितलं. तीर्थस्थळावरून आणलेलं तेल भक्तीने कपाळाला लावायला हरकत नाही, पण तो हा संस्कार नव्हे. आणि प्रापंचिक सेवकाने (धर्मगुरू नसलेल्याने) आजाऱ्याजवळ बसून तेल लावताना दोन्हींचा घोळ होईल असं काही करूच नये. घरच्यांचा समज होतो की काम झालं, आणि फादरांना कुणी बोलवतच नाही.

तेल ऑलिव्हचं, ते मिळत नसेल तर दुसरं वनस्पती तेल. पुण्य गुरुवारच्या किंवा त्याच्या आसपासच्या मिस्सेत बिशप ते आशीर्वादित करतात. हाताशी तेल नसेल तर फादर ऐनवेळी साधं वनस्पती तेल आशीर्वादित करू शकतात, पण तो विधी चालू असतानाच. आधी करून ठेवलेलं चालत नाही. फादरांच्या खिशात असते ती अंगठ्याच्या पेराएवढी धातूची डबी, आत तेलात भिजवलेला कापूस, झाकणावर बहुधा 'ओ आय' (लॅटिनमध्ये 'आजाऱ्यांचं तेल') अशी अक्षरं. ही अक्षरं बघून घ्यावीत, कारण स्नानसंस्काराच्या तेलाची आणि क्रिझमाची (दुसऱ्या संस्कारांच्या सुगंधी तेलाची) डबीही हुबेहूब तशीच असते. कापूस वर्षभर तसाच राहिला की तेल खवट होतं किंवा पार सुकतं, आणि अंगठा घासून घासून कपाळाला काहीच लागत नाही. नवं तेल आलं की जुना कापूस जाळून टाकायचा, डबी गरम पाण्याने धुऊन कोरडी करायची आणि ताजा कापूस नुसता ओलसर होईल एवढंच तेल घालायचं. जास्त झालं तर झाकणातून झिरपून खिसा तेलकट.

फोन करताना एवढं सांगा: पेशंटचं नाव, वॉर्ड आणि बेड नंबर, शुद्धीत आहे का, बोलता येतं का, गिळता येतं का, संसर्गाचा आजार आहे का, भेटीची वेळ काय, आणि खाली गेटवर कोण भेटेल. हॉस्पिटल आपणहून पॅरिशला कळवेल या भरवशावर राहू नका, पेशंटची माहिती बाहेर देण्यावर त्यांना बंधनं असतात. 'फादर भेटायलासुद्धा आले नाहीत' अशी तक्रार बऱ्याचदा तिथूनच येते जिथून फोन गेलेलाच नसतो.

घरी संस्कार असेल तर पलंगाजवळ छोटं टेबल, त्यावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पवित्र पाणी, पिण्याच्या पाण्याचा ग्लास, चमचा, हात पुसायला रुमाल. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती लावायची नाही, बॅटरीवरचीही चालते आणि दिवा नसला तरी काही बिघडत नाही. टीव्ही बंद. हाताच्या सलाइनमुळे किंवा कपाळावरच्या बँडेजमुळे अडचण असेल तर शरीराच्या दुसऱ्या भागावर एकदाच तेल लावलं तरी पुरतं. फादरांनी स्वतःच्या हाताने लावावं हा नियम, पण संसर्गासारखं सबळ कारण असेल तर कापसाचा बोळा किंवा काडी वापरायला परवानगी आहे.

पापनिवेदन आधी, आणि त्या वेळी खोली रिकामी. नुसतं 'आम्ही मागे वळतो' चालणार नाही. शेजारच्या बेडवर माणूस असेल तर पडदा ओढून फादर अगदी कानाशी बोलतात. बोलता येत नसेल तर प्रश्न विचारून मानेने होकार घेता येतो. मग घरचे आत येतात: छोटं वाचन, मध्यस्थीच्या प्रार्थना, डोक्यावर शांतपणे हात ठेवणं, तेल, प्रभूची प्रार्थना, ख्रिस्तशरीर. सगळं मिळून फार वेळ लागत नाही. हात ठेवण्याच्या क्षणी कुणी भजन सुरू करू नये. ती शांतता विधीचाच भाग आहे.

ख्रिस्तशरीराच्या बाबतीत घरचे सर्वांत जास्त गोंधळतात. आजाऱ्यांना, वयस्करांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना तासाभराच्या उपवासाचं बंधन नाही, त्यामुळे पेज भरवून झाली म्हणून कम्युनियन टाळू नका. घास अडकत असेल तर होस्टियाचा (ख्रिस्तशरीराच्या चकतीचा) अगदी छोटा तुकडा चमच्यातल्या पाण्याबरोबर. तोंडावाटे काहीही द्यायचं नाही अशी पाटी असेल तर आधी नर्सला विचारा. भक्तीपोटी ठसका लागून फुप्फुसात गेलं तर त्रास पेशंटलाच. तुकडा तोंडातून बाहेर आला तर तो रुमालात घेऊन पाण्यात विरघळू द्यायचा आणि ते पाणी बेसिनमध्ये न ओतता चर्चमध्ये नेऊन जमिनीत जाईल असं सोडायचं. ग्लुटेन न चालणाऱ्या आजाऱ्याला पूर्ण ग्लुटेनमुक्त होस्टिया देता येत नाही, तिला चर्चची मान्यता नाही. अगदी कमी ग्लुटेनची मिळते, किंवा फक्त द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देता येतं.

आणि मरण खरोखरच उंबरठ्यावर असेल तर? मरणाऱ्याचा संस्कार म्हणजे वायाटिकम, ते शेवटचं ख्रिस्तशरीर, तेल नव्हे. वेळ कमी असेल तर क्रम असा: थोडक्यात पापनिवेदन, मग वायाटिकम, आणि त्यानंतर वेळ उरला तर तैलाभ्यंग. गिळता येत नसेल तरच सरळ तेल. शुद्ध नसली तरी माणसाने शुद्धीत असताना हा संस्कार मागितला असता असं वाटत असेल, तर देता येतो. मृत्यू झालाच असेल तर तेल लावत नाहीत, मृतासाठी प्रार्थना करतात; मृत्यू झाला की नाही याचीच शंका असेल तर द्यायचा.

आता ज्या प्रश्नावर लोक अडतात तो: याने माणूस बरा होतो का? चर्चची शिकवण या बाबतीत बऱ्याच प्रवचनांपेक्षा सावध आहे. संस्काराने बळ, शांती, धीर मिळतो, पापांची क्षमा होते, आजारी माणूस ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडला जातो, आणि त्याच्या तारणाला उपकारक असेल तर शरीरही बरं होतं. हा 'असेल तर' गाळून बोलणारा माणूस आजाऱ्याचं नुकसान करतो. संत पौलाने आपल्या देहातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरे' (२ करिंथ १२:९). पौलाची श्रद्धा कमी पडली असं म्हणायला कुणी धजावणार नाही. मग वॉर्डातल्या बाईला 'विश्वास ठेवला असता तर गाठ गेली असती' असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

चमत्कारांना चर्चचा नकार नाही, पण घाईही नाही. फ्रान्समधल्या लुर्ड या तीर्थस्थळी १८५८ नंतर बरं झाल्याची ७,००० हून अधिक प्रकरणं नोंदली गेली, आणि बिशपांनी चमत्कार म्हणून मान्य केलेली साधारण सत्तरच. निदान पक्कं हवं, आजार गंभीर हवा, सुधारणा अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवी, आणि औषधोपचाराने तिचा उलगडा होता कामा नये. डॉक्टर फक्त 'आजच्या ज्ञानाने उलगडत नाही' एवढंच म्हणतात. चमत्काराचा शब्द उच्चारायचा की नाही हे बिशप ठरवतात. आणि इथे पॅरिशच्या हॉलमध्ये त्याच संध्याकाळी माइकवर 'मी बरा झालो' अशी साक्ष!

आरोग्यासाठीच्या प्रार्थनासभांबद्दल रोमने २००० मध्ये सूचना काढल्या. उन्माद, नाटकीपणा, सनसनाटी यांना थारा नको. विशेषतः सभा चालवणाऱ्यांकडून तर नकोच. भूत काढण्याच्या प्रार्थना अशा सभांत मिसळायच्या नाहीत. विधीच्या स्वरूपातल्या सभेला बिशपांची परवानगी लागते. पॅरिशने यात स्वतःचे दोन नियम जोडावेत: औषध थांबवायला सांगणारा वक्ता पुन्हा येणार नाही, आणि मेडिकल रिपोर्टशिवाय साक्ष होणार नाही. वैद्याचा मान राख, त्यालाही प्रभूनेच निर्माण केलं, हे बायबलमधल्या सिराकच्या पुस्तकात अडतिसाव्या अध्यायात आहे. वाचनासाठी तो भाग निवडावा, क्वचितच कानावर पडतो.

भेटीला जाणाऱ्या सेवकांसाठी थोडंसं. पिक्स (ख्रिस्तशरीर न्यायची डबी) गळ्यातल्या पिशवीत, आणि मिस्सेतून निघालात की सरळ पेशंटकडे. वाटेत भाजी घेणं नाही. उरलेलं ख्रिस्तशरीर स्वतः सेवन करावं किंवा परत आणून चर्चमधल्या पवित्र मंजुषेत ठेवावं, घरी कधीच ठेवू नये. पलंगावर बसू नये, खुर्ची ओढून नजरेच्या पातळीला यावं. पेशंटच्या डोक्यावरून घरच्यांशी तब्येतीची चर्चा करू नये. शुद्ध नसेल तरी ऐकू येतंय असं धरूनच बोलावं. 'देवाची इच्छा' हे शब्द आजाऱ्याने स्वतः उच्चारले तर ऐकावेत, आपण उच्चारू नयेत. निघताना सांभाळणाऱ्या माणसाला वेगळं विचारावं, 'तुम्ही मिस्सेला कधी गेला होतात?' उत्तर बहुधा काही महिन्यांपूर्वीचं असतं. येत्या रविवारी तासभर पेशंटजवळ कोण बसेल, हे तिथेच ठरवून वहीत लिहावं.