तुटक रेषेवरचा रामराजा

गणपतीला आमच्या तालमीनं ताराराणींचा देखावा करायचं ठरवलं आणि वंशावळीचा फलक माझ्या गळ्यात पडला. चार महिने मोडीच्या वर्गाला जातोय, एवढंच माझं भांडवल.

सुरुवातीचं भराभर झालं. १७०० ला राजाराम महाराज गेले, ताराराणींनी आपल्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला गादीवर बसवलं. १७०७ ला संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीवरून भांडण लागलं. १७१४ ला पन्हाळ्यावर सवतीनं, राजसबाईंनी मायलेकरांनाच कैद केलं. १७३१ चा वारणेचा तह आला, फलकाच्या सातारा आणि कोल्हापूर अशा दोन फांद्या झाल्या.

अडलो रामराजापाशी. शाहूंना वारस नव्हता. ताराराणी म्हणाल्या, हा माझा नातू, राजसबाईंच्या भीतीनं लपवून वाढवला. १७५० च्या जानेवारीत त्याला साताऱ्याची गादी मिळाली, नोव्हेंबरात त्याच आजीनं त्याला किल्ल्यावर कोंडलं. पुढं जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली, हा आपला नातू नव्हेच. तरी पेशव्यांनी राजा तोच ठेवला.

शपथेचं साल फलकावर जुन्या रीतीनंच, म्हणजे मोडी कागदांत असतं तसं शुहूर सनात लिहायचं ही माझी हौस. सरांनी लिहून दिलं: सलास खमसैन मया व अलफ. हे मागून वाचायचं. अलफ हजार, मया शंभर, खमसैन पन्नास, सलास तीन. झाले ११५३. इसवी सन काढायला मी सरसकट ६०० मिळवत होतो, शपथ १७५३ ला जात होती. सर म्हणाले, "अरे, हे साल मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढं ६००. शपथ सप्टेंबरातली, ५९९ मिळव." १७५२ आलं.

अध्यक्षांना त्याचं काही नव्हतं. "आजीनं नातू म्हटलाय न्हवं? मग सरळ रेघ मार की."

"त्याच आजीनं न्हाई बी म्हटलंय."

"देवापुढं?"

"देवापुढं."

ते गप्प झाले. दोन्हीपैकी एकदा आजी खोटं बोलल्या, हे ताराराणींच्याच देखाव्यात लिहायचं कुणी? शेवटी तोड निघाली: नाव ठेवायचं, रेघ तुटक मारायची, खाली दोन्ही सालं द्यायची.

फ्लेक्स आला प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री. उलगडला तर रेघ सलग, ठसठशीत. दुकानात फोन लावला.

"फाईलमधी रेघ तुटली होती भावा. जोडून दिली. त्याचं जादा पैसे न्हाईत."