चारच्या आत मुक्काम

साठी ओलांडलेल्या माणसाने साताऱ्याहून मोटारसायकलवर चित्रदुर्गाचा किल्ला पाहायला जाण्याचा बेत काढला, की घरात पहिली बैठक भरते ती त्याचे मन वळवण्यासाठी. तरुणपणी वडिलांची परवानगी काढावी लागे, आता मुलांची काढावी लागते, आणि मुले जास्त कडक असतात. त्यामानाने सरकार समजूतदार म्हणायचे. पंचावन्न उलटल्यावर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचेच होते आणि डॉक्टरांना नमुना १-अ या वैद्यकीय दाखल्यावर सही करावी लागते. पण गाडी कुठवर नेणार, हे तो नमुना विचारत नाही.

या वयात लांबच्या प्रवासाचा कस निघण्यात लागत नाही, थांबण्यात लागतो, असे माझे ठाम मत आहे. आमच्या उमेदीच्या काळात साताऱ्याहून बंगळूर, म्हणजे सव्वासातशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर, एका दमात मारल्याच्या बढाया कट्ट्यावर चालत, आणि वाटेत काय पाहिले हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नसे. आता मी पहाटे निघून हुबळीला, म्हणजे सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर, दुपारी चारच्या आत मुक्काम टाकतो. यात आळस नाही, हिशेब आहे. वयाबरोबर डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, भिंग गढुळते आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनी दिपलेली नजर सावरायला वेळ लागतो. त्यात महामार्गाच्या रुंदीकरणामुळे जागोजागी वळवलेला रस्ता असेल, तर तो अंधारात ओळखण्याची पैज मी तरी लावणार नाही. तहानेचेही तसेच आहे. उतारवयात ती उशिरा जाणवते, म्हणून लागो न लागो, तासा-दीड तासाने गाडी बाजूला घेऊन पाणी प्यायचे. अर्थात प्यायलेल्या पाण्यामुळे पुढचा थांबा आपोआप ठरतो, हा भाग वेगळा.

प्रत्येक थांब्याचा एक विधी असतो. पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट चष्म्यासकट निघत नाही. आधी हातमोजे काढायचे, मग काच वर करून चष्मा अलगद ओढायचा, तो खिशात जपून ठेवायचा आणि मगच हेल्मेट उतरवायचे. निघताना हेच उलट्या क्रमाने, आणि चष्म्याच्या काड्या गालाच्या गाद्यांमधून कानामागे सरकवताना एक तरी काडी हटकून कानाच्या पाळीत रुतते. टपरीवाला हे सगळे शांतपणे पाहत असतो आणि चहा गार होत असतो.

माझा हात बसला तो जुन्या बुलेटवर. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. हल्लीच्या गाड्यांत नेमके उलटे आहे. त्यामुळे निपाणीपुढे तवंदीचा घाट लागला की मी पायांना मनातल्या मनात ताकीद देतो. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले, ही मात्र या वयाला फार मोठी सोय आहे.

सावकाश गेल्याने उरमोडी, तारळी, कोयना, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा या नद्या ओळीने भेटतात. पूर्वी त्या केवळ पुलाच्या सांध्यांवर गाडी दणकली तेवढ्यापुरत्या जाणवत.

पुढचा बेत कन्याकुमारीचा आहे. ईशान्य मोसमी पाऊस तमिळनाडूत डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, म्हणून संक्रांतीनंतर निघायचे ठरवले आहे. सौभाग्यवतींनी या वेळी विरोध केला नाही. त्या मिरजेवरून जाणाऱ्या रेल्वेने बंगळूरला पोहोचतील आणि तिथून पुढे मागच्या सीटवर बसतील. मात्र मुक्काम चारला नव्हे, तीनला, ही त्यांची अट आहे, आणि ती मी बिनतक्रार मान्य केली आहे.